पेपर कसा गेला? आधी वहीत लिहा, मग सांगा

दर रविवारी अकराच्या सुमाराला ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या क्लासचा जिना भरून जातो. मॉक टेस्ट सुटलेली असते, खालच्या टपरीवर कटिंग सांगितलेला असतो आणि जिन्यातच निकाल लागायला सुरुवात होते. "सोपा होता रे, सत्तर कुठे गेले नाहीत." "माझी तर पार वाट लागली." मी बँकेच्या परीक्षांसाठी गणित शिकवतो. जिन्यातला निकाल आणि संध्याकाळचा निकाल यांचं फारसं पटत नाही, हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण माणसं चुकतात ती नेमकी कशी, याकडे नीट लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. एका रविवारी कळव्याचा एक मुलगा छातीठोकपणे सत्तर म्हणाला आणि त्याला पडले ४६.२५. दिव्याहून येणारी एक मुलगी जिन्यात डोळे पुसत होती, तिला ६८. दोघंही खोटं बोलत नव्हते.

तेव्हापासून क्लासमध्ये एक वही सुरू झाली. साधी शंभर पानी, मधे रेघ मारलेली. डावीकडे अंदाज, उजवीकडे निकाल. ती कशी भरायची आणि भरलेली कशी वाचायची, ते पुढे सांगतो. उदाहरणं परीक्षेची जास्त येतील, कारण माझा दिवस त्यातच जातो. पण हीच वही मी स्वतः गाडी, स्वयंपाक आणि घरच्या कामांसाठीही ठेवतो.

आधी थोडं संशोधन, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं भलतंच रूप फिरतं

१९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी विद्यार्थ्यांना व्याकरण, तर्क आणि विनोदाची जाण अशा चाचण्या दिल्या आणि विचारलं, बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसाल? सर्वांत खालच्या पाव गटाची सरासरी जागा १२व्या पर्सेंटाइलची होती, म्हणजे शंभरातले जेमतेम बारा त्यांच्या मागे. त्यांचा स्वतःचा अंदाज होता ६२. कारण तसं सरळ आहे. वाक्य शुद्ध लिहायला जी जाण लागते, तीच ते अशुद्ध आहे हे ओळखायलाही लागते. ती नसली की चूक होते आणि चुकीचा पत्ताही लागत नाही.

आता भलतं रूप. एक चित्र फिरतं, ज्ञान वाढेल तसा आत्मविश्वास कसा बदलतो याचा आलेख: सुरुवातीलाच उंच सुळका, मग दरी, मग हळूहळू चढ. सुळक्यावर 'मूर्खांचं शिखर' असं काहीतरी लिहिलेलं. हे चित्र मूळ निबंधात नाही. कच्च्या मुलांनी स्वतःला हुशार मुलांच्या वर बसवलंच नव्हतं. जवळजवळ सगळ्यांनीच स्वतःला सरासरीच्या जरा वर धरलं होतं, तळातल्यांचं ते सर्वांत जास्त चुकलं, आणि अगदी वरच्यांनी स्वतःला थोडं कमी लेखलं. पुढे काही अभ्यासकांनी दाखवलं की, यातला काही भाग निव्वळ आकडेमोडीचा खेळ आहे. जो तळाला आहे त्याचा अंदाज चुकला तर वरच चुकणार, त्याच्या खाली जागाच कुठे आहे? नुसते चिठ्ठ्या टाकून काढलेले आकडे घेतले तरी बऱ्यापैकी तसाच आलेख निघतो. तेव्हा ऑफिसातल्या नावडत्या माणसाच्या डोक्यात हाणायला हा सिद्धांत वापरू नका. ज्याला तो पाठवावासा वाटतो त्याने स्वतःची वही आधी उघडावी, असं माझं मत आहे.

कामाचं वर्गीकरण मला डॉन मूर आणि पॉल हीली यांच्या २००८च्या निबंधात सापडलं. ज्याला आपण सरसकट 'फाजील आत्मविश्वास' म्हणतो, त्यात तीन वेगळ्या चुका असतात. एक, आपल्याला येतं त्याहून जास्त येतं असं वाटणं. दोन, इतरांपेक्षा आपण पुढे आहोत असं वाटणं. १९८१च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के चालकांनी स्वतःचं कौशल्य मधल्या रेघेच्या वर धरलं होतं, आणि रेघेच्या वर निम्मेच मावतात. तीन, आपल्या अंदाजावर नको तितकी खात्री असणं. एकाच माणसात तिन्ही असतीलच असं नाही. उलट सोपा पेपर आला की "मी सगळ्यांच्या पुढे" आणि अवघड आला की "मी सगळ्यांच्या मागे" असं वाटतं. पेपर सगळ्यांनाच सोपा गेलेला असतो आणि कटऑफही वर चढलेला असतो, हे त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

पायरी १ : वाक्य बारीक करा

"माझं इंग्रजी बरं आहे", "मला स्वयंपाक येतो", "मी गाडी चांगली चालवतो". यातलं काहीच तपासता येत नाही, कारण 'बरं' आणि 'चांगलं' यांची व्याख्या प्रत्येक जण आपल्या सोयीची करतो. हळू चालवणाऱ्याला जपून चालवणं म्हणजे कौशल्य वाटतं, आणि कट मारून पुढे जाणाऱ्याला कट मारणं. वहीत लिहायचं वाक्य असं हवं की, तिसऱ्या माणसाने येऊन बरोबर-चूक ठरवावं: "शेकडेवारीची वीस गणितं पंधरा मिनिटांत, त्यातली सोळा बरोबर." "दहा माणसांचा पुलाव, मीठ नंतर घालावं न लागता." "राम मारुती रोडवर दोन गाड्यांच्या मधे, तीन वेळांत, समांतर पार्किंग." पुलावाचं वाक्य माझं आहे. निकाल विचारू नका.

पायरी २ : अंदाज आधी, पेनाने

पेन्सिलीने लिहिलेला अंदाज निकालानंतर आपोआप सुधारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "मी पन्नासच म्हणालो होतो सर." नव्हतास म्हणालास. यात लबाडी असतेच असं नाही. निकाल कळल्यावर आपल्याला आपला आधीचा अंदाज त्याच्या जवळचा आठवतो, हा मनाचा स्वभावच आहे. म्हणून पेन, तारीख आणि शक्यतो दोन आकडे: कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. हे दोन आकडे असे निवडा की, दहा वेळांतल्या नऊ वेळा निकाल त्यांच्या मधे पडावा. पहिल्या महिन्यात बहुतेकांचा निकाल बाहेर पडतो, कारण आकडे फार जवळजवळ लिहिलेले असतात. वर सांगितलेली तिसरी चूक ती हीच.

पायरी ३ : प्रत्येक उत्तरापुढे खात्री

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

उत्तर लिहिलं की बाजूला एक आकडा टाकायचा: ५०, ७० किंवा ९०. नव्वद म्हणजे "अशी दहा उत्तरं दिली तर नऊ बरोबर निघतील". पेपर तपासल्यावर तिन्ही आकड्यांचे वेगळे ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगात किती बरोबर आली ते मोजायचं. नव्वदच्या ढिगात नव्वदच्या आसपास टक्के निघाले, तर तुमची खात्री खरी आहे.

कळव्याच्या मुलाने पुढच्याच रविवारी हे करून पाहिलं. पेपर शंभर गुणांचा, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्याने ८० प्रश्न सोडवले, २० सोडले. नव्वदची खात्री ४० उत्तरांना होती, त्यातली २७ बरोबर. सत्तरची २५, त्यातली १७ बरोबर. पन्नासची १५, त्यातली ९ बरोबर. एकूण ५३ बरोबर, २७ चूक, म्हणजे ५३ वजा ६.७५, पुन्हा ४६.२५. गुण सलग दुसऱ्यांदा तेच, म्हणून तो हिरमुसला. मी मात्र खूश, कारण पहिल्यांदाच काहीतरी दिसत होतं. त्याच्या नव्वदच्या ढिगात ६७.५ टक्के बरोबर होते, सत्तरच्या ढिगात ६८ टक्के. म्हणजे त्याच्या मनातलं 'नक्की' आणि 'बहुतेक' यांत काडीचाही फरक नव्हता.

मग आम्ही नव्वदच्या ढिगातली चुकलेली १३ उत्तरं काढून बसलो. त्यातली आठ नफा-तोटा आणि किमतीवरची सूट यांवरची होती. प्रत्येक ठिकाणी रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, फक्त टक्केवारी कशावर काढायची ते चुकलेलं. सूट छापील किमतीवर असते, नफा खरेदी किमतीवर, आणि हा दोन्ही एकाच रकमेवर काढून मोकळा. पर्यायांत त्याचं चुकीचं उत्तरही हजर असायचं, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक तोंडपाठ असते. उत्तर पर्यायात दिसलं की त्याची खात्री नव्वद. ज्याला येत नाही तो अडखळतो तरी, हा अडखळतही नव्हता. घोकून गुळगुळीत झालेली चुकीची रीत सगळ्यात महागात पडते, आणि ती नुसते गुण बघून कधीच सापडत नाही.

दुसरी गंमत उलट्या बाजूची. पन्नासच्या ढिगात १५पैकी ९ बरोबर, म्हणजे ९ वजा दीड, साडेसात गुणांची कमाई. मग सोडलेल्या २० प्रश्नांचं काय? पाच पर्याय आणि पाव गुण वजा असेल, तर डोळे मिटून तुक्का मारला तर हिशोब शून्यावर येतो. पण दोन पर्याय नक्की खोडता आले, तर उरलेल्या तिनांत एक-तृतीयांश शक्यता. त्यातून वजावट काढली, तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक-षष्ठांश गुण हातात राहतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत पर्याय चार आणि वजावट एक-तृतीयांश, तिथेही आंधळा तुक्का शून्यावर येतो आणि एक पर्याय खोडला की बाजू आपल्याकडे झुकते. म्हणजे हा पठ्ठ्या जिथे घाबरायला हवं तिथे बिनधास्त होता आणि जिथे हात मारायचा तिथे हात आखडून बसला होता. आत्मविश्वास कमी की जास्त, या प्रश्नाला त्याच्यापुरतं उत्तरच नव्हतं.

आकड्यांची आवड असेल त्यांच्यासाठी एक माप आहे. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५०मध्ये ते मांडलं. खात्री दशांशात लिहा, बरोबर आलं तर १, चुकलं तर ०, दोघांतल्या फरकाचा वर्ग करा आणि सगळ्यांची सरासरी काढा. ०.९ म्हणून चुकलात तर ०.८१चा दणका, बरोबर आलात तर जेमतेम ०.०१. सगळीकडे ५० लिहिणाऱ्याला कायम ०.२५. सरासरी ०.२५च्या वर गेली, तर नाणं उडवलेलं बरं.

पायरी ४ : मोठ्याने समजावून सांगा

एकदा मुलीला घेऊन कळव्याच्या पुलावरून येत होतो. खाडीला भरती होती. "बाबा, पाणी का चढतं?" चंद्र ओढतो, मी म्हणालो. "मग दिवसातून एकदाच चढायला हवं ना? चंद्र तर एकच आहे." मी गप्प. अख्खं आयुष्य खाडीकाठी गेलेलं, पदवी विज्ञानाची. घरी जाऊन वाचलं: चंद्र जवळच्या बाजूचं पाणी जास्त ओढतो आणि लांबच्या बाजूचं कमी. ओढ अशी कमी-जास्त असल्यामुळे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि पृथ्वी फिरताना आपण दोन्हींतून जातो.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२मध्ये हाच प्रकार मोजला. लोकांना विचारलं, कपड्याची चेन, कुलूप, शौचकूपाचा फ्लश या वस्तू कशा चालतात ते तुम्हाला किती कळतं, गुण द्या. मग म्हणाले, आता पायरीपायरीने लिहून दाखवा. लिहिल्यावर पुन्हा गुण द्यायला लावले, तर ते घसरले. वस्तू रोज दिसते, तिचं नाव माहीत असतं, एवढ्यावर आपण ती कळल्याचं धरून चालतो.

कृती सोपी आहे. विषयातला कुणी नसलेला माणूस धरा, घरातलं आठवी-नववीचं पोर उत्तम, आणि "कारण" हा शब्द येईल तिथे त्याला "का?" विचारायची मुभा द्या. तिसऱ्या 'का'ला तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. मुलाखतीच्या तयारीत रेपो रेटवर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यावर, हे मी नेहमी करतो. व्याख्या सगळ्यांना येते. रेपो वाढला की माझ्या आईच्या गृहकर्जाचा हप्ता नेमका कुठल्या वाटेने वाढतो, इथे गाडी अडते.

पायरी ५ : पुस्तक मिटा

ही थोडक्यात. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचताना डोळे सुरळीत घसरत जातात आणि आपण त्यालाच 'झालं माझं' म्हणतो. लोकलमध्ये व्हिडिओ बघणाऱ्यांचंही तेच. व्हिडिओ संपला की फोन खिशात टाका आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तेच गणित मनात करून बघा. मुंब्र्यापर्यंत आलं नाही, तर ते येत नव्हतं.

पायरी ६ : स्वतःला कमी धरणाऱ्यांसाठी

दिव्याच्या मुलीची वही पाहिली, तर सगळीकडे ५० लिहिलेलं आणि त्यातली ऐंशी टक्क्यांच्या वर बरोबर. अशांना लोक "जरा कॉन्फिडन्स ठेव" म्हणतात. त्याने काडीचा फरक पडत नाही, कारण तिच्या डोक्यातला हिशोब वेगळाच असतो: मला आलं म्हणजे सोपंच असणार आणि सोपं म्हणजे सगळ्यांनाच आलं असणार. यशस्वी स्त्रियांच्या मनातल्या याच भावनेबद्दल, "एक दिवस आपलं बिंग फुटणार" या भीतीबद्दल, पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८मध्ये लिहिलं होतं. आपल्याकडे त्यात संस्कारांची भर. हुशारी मिरवू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाखतीच्या टेबलावर मूठ झाकून ठेवली, तर पलीकडचा माणूस ती रिकामी आहे असंच धरतो.

उपाय डनिंग-क्रूगर यांच्याच एका प्रयोगात आहे. त्यांनी मुलांना दुसऱ्यांचे पेपर तपासायला दिले. वरच्या गटाने इतरांची उत्तरं पाहिली आणि स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला, बरोबर दिशेने. खालच्या गटाला त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांचा अंदाज सुधारला तो तर्क शिकवल्यावर, म्हणजे येऊ लागल्यावर. म्हणून माझ्याकडे कमी धरणाऱ्यांना मी दहा पेपर तपासायला देतो आणि जास्त धरणाऱ्यांना शिकवणी. त्या मुलीने तिसरा पेपर तपासताना मान वर करून विचारलं, "सर, हे खरंच असं लिहितात?"

पायरी ७ : चूक महाग असेल तिथे आधी इतरांचे निकाल बघा

वही भरायला चुका लागतात, आणि काही चुका परवडत नाहीत. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यात उतरून "मला पोहता येतं" तपासायचं नसतं. तरणतलावात न थांबता दोनशे मीटर झाल्याशिवाय वाहत्या पाण्याचं नाव काढू नका. दोनशे झाले तरी ओढा ही वेगळी परीक्षा आहे.

सध्याची दुसरी महाग परीक्षा म्हणजे फोनवरचं ऑप्शन ट्रेडिंग, शेअर बाजारात भाव पुढे कुठे जाईल यावर पैसे लावणं. क्लासमधली निम्मी पोरं छुपी तज्ज्ञ आहेत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेला आकडा मी फळ्यावरच लिहून ठेवलाय: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. प्रत्येक पोराला वाटतं आपण उरलेल्या सातांत. ठीक आहे, मग पैसे न लावता ऐंशी सौद्यांचे अंदाज वहीत, पेनाने, वेळेसह. दलालीही वजा धरायची. आजवर कुणी ऐंशीपर्यंत पोचलेलं नाही. वीस-पंचवीसला वही हरवते.

पायरी ८ : दुसऱ्याला विचारा, पण प्रश्न नीट

"कसं झालं?" याला मराठी माणसाकडे एकच उत्तर असतं: "छान!" सोसायटीच्या गणपतीत कराओकेवर गाणाऱ्या काकांना वर्षानुवर्षं तेच उत्तर मिळतंय आणि दरवर्षी त्यांची गाणी वाढतायत. तेव्हा प्रश्न असा विचारा की, 'छान' म्हणून सुटता येणार नाही: "कुठल्या ओळीला सूर सुटला?" "तू मला घेणार नसशील तर कशामुळे?" आणि ज्याला रोज तुमचं तोंड बघायचं नाही अशालाच विचारा.

पायरी ९ : वेळ

ही माझी दुखरी नस. १९९४मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. लागले ५५च्या वर. सगळं बिनसलं तर किती, याचं उत्तर जवळपास ४९ होतं, तेही कमी पडलं. काम मनात आखताना आपण फक्त कामाच्या पायऱ्या मोजतो, आजारपण, पाहुणे, बंद पडलेला प्रिंटर यांना त्यात जागाच नसते. उपाय एकच: पायऱ्या मोजू नका, मागच्या पाच वेळा असंच काम करायला किती वेळ लागला ते काढा आणि त्यातला मधला आकडा घ्या.

मी कासारवडवलीला राहतो. क्लासला पोचायला पंचवीस मिनिटं लागतात, असं मी दहा वर्षं सांगत आलोय. वहीत नोंदी करायला लागल्यावर मागच्या पाच दिवसांचे आकडे निघाले ४१, ३८, ५५, ४४, ७०. प्रत्येक दिवशी काहीतरी खास कारण होतं: मानपाड्याला बंद पडलेला ट्रक, मेट्रोचं काम, गायमुख घाटात कोंडी म्हणून इथवर रांग, पाऊस. पंचवीस मिनिटांत पोचलो होतो तो दिवस मला चांगला आठवतो. लॉकडाऊन होता.

एवढं होऊन परवा फोनवर मी पुन्हा "सातला पोचतो" म्हणालो. बायको शेजारीच होती. मी फोन ठेवल्यावर तिने तिच्या फोनवरून त्याच माणसाला निरोप पाठवला, "पावणेआठ धरा." ती कसलीही वही ठेवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.